आवाज नातवाचाच होता, असे काकू म्हणतात : फसवणूक झाल्यावर काय करावे आणि एआय साधने वापरताना काय जपावे?

रामबागचा_पुतण्या (इंदूर)

सर्वांस नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, कारण घडलेला प्रकार सांगितल्याशिवाय तो विचारता येत नाही.

रामबागेत माझ्या काकू एकट्याच राहतात. वय ७६, प्रकृती ठणठणीत, हिशेबाला चोख आणि वीजबिल मोबाइलवरून स्वतः भरण्याइतक्या तयार. मागच्या मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास त्या मटार सोलत बसल्या असताना अनोळखी क्रमांकावरून फोन आला. पलीकडे एक तरुण मुलगा हुंदके देत होता. त्याने दोन-तीन तुटक शब्द उच्चारले आणि लगेच दुसऱ्या माणसाने फोन हातात घेतला. आपण पोलीस ठाण्यातून बोलत आहोत, तुमच्या नातवाच्या गाडीने एकाला उडवले आहे, समोरची मंडळी तक्रार न करण्यास तयार आहेत, पण उपचाराचे पैसे आत्ताच्या आत्ता द्यावे लागतील, असे त्याने अस्खलित हिंदीत सांगितले. काकूंनी आधी २५,००० आणि दहा मिनिटांनी १८,००० रुपये यूपीआयने पाठवले. तिसऱ्यांदा मागणी झाली तेव्हा खात्यात शिल्लक उरली नव्हती, म्हणून त्यांनी मला फोन केला. नातू त्या वेळी पुण्यात आपल्या कार्यालयात बैठकीत होता आणि त्याच्याकडे गाडीच नाही, हे काकूंनाही ठाऊक आहे.

तरीही आवाज त्याचाच होता, या म्हणण्यावर त्या ठाम आहेत. त्याने मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या निवेदनाचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर कोणालाही पाहता येतात. ते उचलून एआयच्या मदतीने आवाज बनवला गेला असेल काय?

दुसरा भाग माझ्या स्वतःच्या शहाणपणाचा आहे. काकूंचा फोन येताच मी घाईघाईने एका चॅटबॉटला त्यांच्या बँकेचा हेल्पलाइन क्रमांक विचारला. त्याने तो इतक्या आत्मविश्वासाने दिला की मी लावणारच होतो. पासबुकावर छापलेला क्रमांक वेगळा दिसला म्हणून थांबलो. एवढे होऊनही संध्याकाळी तक्रारीचा मसुदा करून घेण्यासाठी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो, काकूंचे आधार कार्ड आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट मी त्याच चॅटबॉटच्या स्वाधीन केले. मसुदा उत्तम आला, पण रात्री झोप लागली नाही.

पैसे परत मिळण्याची काही आशा आहे काय, मी दिलेल्या कागदांचे आता काय करावे आणि काकूंना पुढच्या वेळेसाठी नेमके काय शिकवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_रोखपाल (तिलक नगर, इंदूर)

आपण १९३० वर फोन केला की नाही, हे लिहिलेले नाही. केला नसेल तर हे वाचणे थांबवून आधी तो करावा.

कारण असे आहे. फसवणुकीचा पैसा पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाही. ते खाते बहुधा कोणा गरजूकडून भाड्याने घेतलेले असते. तिथून रक्कम तुकडे होऊन आणखी चार-पाच खात्यांत जाते आणि शेवटी एखाद्या एटीएममधून रोख निघते. १९३० ही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राची हेल्पलाइन आहे आणि तिच्यामागे बँकांना जोडणारी एक यंत्रणा २०२१ पासून काम करते. तक्रार नोंदली की पैसा ज्या खात्यात पोहोचला असेल त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे उरलेली रक्कम रोखून धरली जाते. म्हणजे जेवढी शिल्लक सापडेल तेवढीच हाती लागते. तक्रार देताना प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक समोर ठेवावा. पुष्कळ लोक रक्कम, वेळ आणि फोन करणाऱ्याचे वर्णन रंगवून सांगतात आणि हा क्रमांक मात्र शोधत बसतात. त्यानंतर सायबरक्राइम.गव्ह.इन या संकेतस्थळावर सविस्तर तक्रार पूर्ण करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. काकूंच्या शाखेतही लेखी अर्ज द्यावा व प्रतीवर तारीख-वेळेसह शिक्का घ्यावा.

आता बँकेच्या जबाबदारीविषयी, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने ३ कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच बोजा पडत नाही. मात्र हे त्याच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांबाबत आहे. काकूंनी पिन स्वतःच्या बोटांनी टाकला आहे. भुलवून टाकायला लावला हे खरे असले तरी बँक तो ग्राहकाने केलेला व्यवहार म्हणूनच धरील, तेव्हा त्या परिपत्रकावर फार आशा ठेवू नये. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली तसा अर्ज करता येतो. या काळात 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, थोडे शुल्क भरा' असे सांगणारे फोन येऊ शकतात. जो एकदा फसला त्याचा क्रमांक या धंद्यात पुढे विकला जातो. असा फोन आला तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भावकीचा समजावा.

काकूंना दोष देऊ नये, ही विनंती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या इंदूरच्या गुन्हे शाखेच्या अतिरिक्त पोलीस उपायुक्तांनाच अशा भामट्यांनी फोन लावला होता आणि व्हिडिओवर गणवेश दिसल्यावर पळ काढला होता. ही मंडळी क्रमांकामागून क्रमांक फिरवत जातात, पलीकडे कोण आहे ते फोन उचलल्यावर कळते. आमच्या काळी पितळी टोकन हातात घेऊन बाकावर अर्धा तास बसावे लागे आणि त्याबद्दल लोक आम्हांला शिव्या घालीत. पण त्या अर्ध्या तासात माणसाचे डोके थंड होई, आणि काउंटरमागचा कोणी तरी मान वर करून 'काकू, आज एवढे कशाला?' असे विचारी. यूपीआयमध्ये तसे विचारणारे कोणी नाही. म्हणून मी स्वतः एक केले आहे. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडलेलेच नाही. भाजी, दूध, औषध यांसाठी वेगळे खाते आहे आणि त्यात ५,००० च्या वर ठेवत नाही.

सरळ_बोलतो

एवढे सव्यापसव्य करण्यापेक्षा सत्तरी ओलांडलेल्यांच्या हाती बटणांचा साधा फोन द्यावा. स्मार्टफोन नाही तर फसवणूकही नाही.

विजयनगर_कोडवाली (इंदूर)

वरील सूचनेबद्दल आधी एक शब्द. काकूंना आलेला फोन हा साधा कॉल होता. तो बटणांच्या फोनवरही आला असता आणि काकू तितक्याच घाबरल्या असत्या. फरक इतकाच, की पैसे मोबाइलवरून न जाता त्या रिक्षाने बँकेत गेल्या असत्या किंवा बांगड्या घेऊन सराफ्यात. त्यातून वेळ मिळतो, हे रोखपाल काकांचे म्हणणे खरे आहे. पण ज्या बाई आपले वीजबिल आपण भरतात त्यांच्या हातून फोन काढून घेणे ही शिक्षा झाली.

आता आवाजाविषयी. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये एक प्रणाली मांडली होती, जी केवळ ३ सेकंदांच्या नमुन्यावरून त्या व्यक्तीच्या आवाजात नवी वाक्ये बोलू शकत होती. आज अशी साधने सहज उपलब्ध आहेत, तेव्हा गणपतीपुढचे दोन मिनिटांचे निवेदन हा त्यांच्या दृष्टीने भरपूर माल झाला. मराठी बोलणारा आवाजही बनवता येतो. म्हणून 'आवाज बनवला गेला असेल काय' याचे उत्तर 'शक्य आहे' एवढेच.

पण मला एक शंका आहे आणि ती काकूंना न दुखवता विचारून पाहावी. तो मुलगा नेमके कोणते शब्द बोलला? आपल्या घरांत नातू 'आजी' म्हणतो. हिंदीत बोलणारी टोळी 'दादी' म्हणेल. साध्या फोनच्या तारेतून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा येत असे आणि आजही पुष्कळ कॉल तितक्याच अरुंद पट्ट्यात ऐकू येतात. त्यात रडण्याची भर पडली की कोणाही तरुणाचा आवाज कोणाही तरुणासारखा लागतो. बाकीचे काम ऐकणाऱ्याची माया करते. 'तुमचा नातू' हे शब्द कानी पडल्यावर मागे वळून त्या हुंदक्यांना त्याचे नाव काकूंनीच दिले असणे अगदी संभवनीय आहे. एआय नव्हते तेव्हाही हा खेळ चालत असे.

हे सांगण्याचे कारण, आवाज खरा की बनावट हे ओळखण्याची शिकवणी काकूंना देऊच नये. जुलै २०२३ मध्ये कोझिकोडच्या एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला, खात्रीसाठी काही क्षण व्हिडिओवर चेहराही दाखवला गेला आणि त्यांनी ४०,००० रुपये पाठवले. पुन्हा ३५,००० मागितले गेले तेव्हा त्यांनी आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर मित्राला फोन लावला आणि बिंग फुटले. २०२४ च्या आरंभी हाँगकाँगमध्ये उघड झालेल्या प्रकरणात तर एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना पाहून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. त्या बैठकीत त्याच्याखेरीज खरे कोणीच नव्हते. डोळे मिचकावतो का पाहा, तोंडासमोरून हात फिरवायला सांगा, असे उपाय अजून सांगितले जातात. ते वर्षभरात शिळे होतात आणि वाईट म्हणजे चेहरा 'परीक्षेत पास' झाला की आपण निर्धास्त होतो. कोझिकोडच्या गृहस्थांना शेवटी उपयोगी पडली ती एकच गोष्ट : आलेला फोन सोडून आपल्या वहीतल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावणे. येणाऱ्या फोनवर दिसणारा क्रमांक खोटा दाखवता येतो. आपण लावलेला फोन सहसा जिथे जायचा तिथेच जातो. नातवाने फोन उचलला नाही तर त्याची आई, त्याच्या खोलीतला मित्र, असे तीन क्रमांक काकूंजवळ कागदावर मोठ्या अक्षरात असावेत.

चॅटबॉटने दिलेल्या क्रमांकाचे गूढ फार नाही. तो वही उघडून क्रमांक पाहत नाही. पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत तो वाक्य तयार करतो, आणि फोन क्रमांकही त्याच रीतीने 'सुचतो'. इंटरनेटवर शोधून सांगणारे चॅटबॉट असतात, पण तिथे भामट्यांनी बँकांच्या नावाने खोटे क्रमांक पेरून ठेवलेले असतात, तेव्हा तेही विश्वासाचे नाही. हेल्पलाइनचा क्रमांक कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्यावा. तुम्ही तेच केलेत, हे बरे झाले.

दिलेल्या कागदांबद्दल जिवाला फार घोर लावून घेऊ नये. ते संभाषण काढून टाकावे आणि सेटिंगमध्ये 'आपल्या संभाषणांतून मॉडेल सुधारण्यास परवानगी' अशा अर्थाचा जो पर्याय असतो तो बंद करावा. आधीच गेलेले संपूर्ण परत घेता येत नाही, पण खाते क्रमांक आणि आयएफएससी यांवरून कोणी पैसे काढू शकत नाही. धोका वेगळ्या बाजूने येतो. ज्याच्या हाती आधार कार्ड आणि पासबुकाचे पान असते त्याला पुढच्या फोनवर काकूंशी फार खात्रीने बोलता येते. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून काकूंचे आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढण्याची वाट त्याने बंद होते आणि गरज पडेल तेव्हा ते उघडताही येते. खरे सांगायचे तर हेच कागद कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर फिरले असतील, तर मला त्याची काळजी जास्त वाटते.

मसुद्यासाठी यांतले काहीच लागत नव्हते. 'अमुक वयाच्या महिलेची अशी फसवणूक झाली, तक्रार अर्ज लिहून दे, नाव व क्रमांकांच्या जागा मोकळ्या सोड' असे सांगितले असते तरी तोच अर्ज मिळाला असता, आणि रिकाम्या जागा पेनाने भरायला पाच मिनिटे लागली असती. संभाषणाचा दुवा कोणाला पाठवतानाही विचार करावा. चॅटजीपीटीवरून लोकांनी 'शेअर' केलेली संभाषणे गूगलच्या शोधात दिसू लागल्याचे जुलै २०२५ अखेरीस उघड झाले होते आणि कंपनीला तो पर्याय मागे घ्यावा लागला. आपल्या वतीने संकेतस्थळे उघडून कामे उरकणारी एआयची नवी साधने आली आहेत. एखाद्या पानावर लपवून लिहिलेला मजकूर त्यांना मालकाची आज्ञा वाटू शकतो, ही त्यांची अजून न सुटलेली दुखरी बाजू आहे. म्हणून ज्या ब्राउझरमध्ये असा मदतनीस आहे त्यात मी बँकेचे खाते उघडत नाही. आणि कोणत्याही नामांकित चॅटबॉटचे 'मोफत प्रो' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (म्हणजे फोनवर परस्पर अ‍ॅप बसवणारी फाइल) घालूच नये. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने येते तीच ही फाइल असते आणि फोनवरचे ओटीपी परस्पर वाचून पुढे पाठवणे हा तिचा उद्योग.

ग्वाल्हेरची_सून (सध्या इंदूर)

कुटुंबाचा एक गुप्त शब्द ठरवावा, असा सल्ला हल्ली सर्वत्र दिला जातो, म्हणून आमचा अनुभव सांगते. आम्ही ग्वाल्हेरला दिवाळीत सर्वांसमक्ष 'चिरोटे' हा शब्द ठरवला. महिन्याभराने दिरांनी परीक्षा घ्यावी म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून आवाज बदलून सासूबाईंना पैसे मागितले. सासूबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग कळवळून म्हणाल्या, "अरे, मग आधी चिरोटे म्हण ना!" दिरांनी चिरोटे म्हटले आणि सासूबाईंनी यूपीआय उघडले.

तेव्हापासून आम्ही शब्द सोडून दिला आणि प्रश्न ठेवला. प्रश्न विचारणाऱ्यानेच आयत्या वेळी सुचेल तो विचारायचा, त्याचे उत्तर फक्त घरात वावरलेल्याला ठाऊक असावे आणि कोणाच्याही फोटोत ते दिसत नसावे. वाढदिवस, शाळेचे नाव, कुत्र्याचे नाव हे सगळे फेसबुकवर असते. 'स्वयंपाकघराच्या दाराला कडी वरून आहे की खालून?' हे नसते. आणि पलीकडचा चिडला, रडला, 'आजी, ही वेळ आहे का' म्हणाला, तर ते उत्तर चुकल्यातच जमा धरायचे. सासूबाईंना हा नियम फार आवडला, कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांच्याकडे आला.

रामबागचा_पुतण्या (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. १९३० वर मी त्याच दिवशी चारच्या सुमारास फोन केला होता, ते लिहायचे राहून गेले. रोखपाल साहेबांनी म्हटले तसेच झाले : मी रक्कम आणि वेळ सांगत होतो आणि पलीकडून शांतपणे संदर्भ क्रमांक मागितला जात होता. काल शाखेतून कळले की १८,००० पैकी ११,५०० रुपये एका खात्यात रोखले गेले आहेत. २५,००० मात्र पुढे निघून गेले. अर्जाचे कागद घेऊन सोमवारी वकिलांकडे जाणार आहे. चॅटबॉटमधले संभाषण काढले, आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आणि घरच्या समूहावर मीच टाकलेला पासबुकाचा फोटोही शोधून काढून टाकला. तो खरोखरच तिथे होता.

कोडवाली ताईंचा प्रश्न काकूंना विचारला. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'आजी म्हणाला' असे सांगितले होते. या वेळी बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "दादी म्हणाला असेल. पण मला आजीच ऐकू आलं रे." मी पुढे काही विचारले नाही. टेलिफोनच्या जुन्या वहीच्या पहिल्या पानावर तीन क्रमांक लाल शाईने लिहून ती आता मोबाइलच्या शेजारी ठेवली आहे.

सासूबाईंच्या प्रश्नाची गोष्टही वाचून दाखवली होती. परवा कार्यालयातल्या फोनवरून मी काकूंना औषधाबद्दल विचारायला फोन केला, तर त्यांनी औषधाचे काही न सांगता, मागच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाची कोणती कड फुटली आहे, असे विचारले. मी डावी म्हणालो. काकूंनी फोन ठेवला, आणि दुसऱ्याच मिनिटाला वहीतून पाहून माझ्या मोबाइलवर त्यांचा फोन आला.